पंच पिलात

आम्ही दर रविवारी उपासनेत उभे राहून विश्वासाचा अंगीकार म्हणतो. त्यात येशूखेरीज दोनच माणसांची नावं येतात. एक त्याच्या आईचं, दुसरं पंतय पिलाताचं. लहानपणी मला याचं फार नवल वाटायचं. पेत्र नाही, योहान नाही, पौल नाही, आणि ज्यानं मरणाची शिक्षा दिली तो रोमी सुभेदार मात्र दर आठवड्याला हजर. एकदा पाळकसाहेबांना विचारलं, तर ते म्हणाले, "अरे, काळ कळावा म्हणून आहे ते. निजामाच्या राज्यात असं झालं, असं आपले म्हातारे सांगतात का नाही, तसं." उत्तर बरोबरच होतं. पण पुढं मी कबड्डीचा पंच झालो आणि हे नाव तोंडी आलं की आवाज जरा अडखळायला लागला. बायबलातला सगळ्यात बदनाम पंच तो, आणि त्याच्यापुढं चाललेला सामना मला बराचसा ओळखीचा वाटतो.

कारण पिलातानं बघण्यात काहीच चूक केली नव्हती. योहानाचं शुभवर्तमान वाचून बघा. या माणसात मला काही दोष दिसत नाही, असं तो बाहेर येऊन तीनदा सांगतो. म्हणजे नजर साफ होती. मग न्यायासनावर बसल्या बसल्या घरून बायकोचा निरोप येतो, की मला रात्री वाईट स्वप्न पडलंय, तुम्ही यात पडू नका. मत्तयानं तेवढं बरोबर टिपून ठेवलंय. मग लोक कैसराचं नाव काढतात. याला सोडलंत तर वर तक्रार जाईल, असा त्याचा सरळ अर्थ. आणि खाली जमाव ओरडतोय तो ओरडतोच आहे. शेवटी साहेब पाणी मागवतात आणि हात धुतात. घरचा निरोप, वरच्याची भीती, समोर आरडाओरडा. जळकोटच्या मैदानावर उभ्या राहिलेल्या पंचाला यातलं नवीन काय आहे?

जळकोट म्हणजे लातूर जिल्ह्याची पार कड. पलीकडं मुखेड, कंधार, म्हणजे नांदेड जिल्हा लागला. बालाघाटाच्या डोंगराची शेपटं इथवर आलेली, त्यामुळं रान बरंचसं हलकं, चढउताराचं. पाऊसकाळ बरा झाला तर सोयाबीन हाती लागतं, नाहीतर लेकराबाळांसकट माणसं कामाच्या शोधात बाहेर पडतात. 1982 साली उस्मानाबादेतून लातूर जिल्हा वेगळा निघाला, जळकोट तालुका तर त्याच्याही बऱ्याच नंतरचा. त्याआधी आमच्या पोरांना तालुक्याची स्पर्धा खेळायलासुद्धा उदगीर गाठावं लागायचं. आता स्पर्धा इथंच होते. शालेय सामने नेमके पावसाळ्यात येतात. सकाळी क्रीडाशिक्षक दोरी धरून फक्कीच्या रेषा मारतात, तासाभरात एक सर येऊन जाते, फक्कीचं दही होतं, पुन्हा दोरी, पुन्हा फक्की. पहिल्या डावात रेषा जरा तरी दिसतात. दुसऱ्या डावापर्यंत चौदा पोरांच्या पायांनी त्या पुसून काढलेल्या असतात आणि निदान रेषा नेमकी कुठं होती हे पंचाच्या डोक्यातच काय ते उरतं.

एवढ्यावर बोनसचा गुण द्यायचा असतो. ज्यांनी कबड्डी फक्त टीव्हीवर पाहिलीय त्यांच्यासाठी सांगतो. मध्यरेषेपासून पावणेचार मीटरवर निदान रेषा, तिच्यापुढं एक मीटरवर बोनस रेषा. समोर सहा किंवा सात गडी असतील तरच बोनस. चढाई करणाऱ्याचं एक पाऊल बोनस रेषेच्या पूर्ण पलीकडं टेकलं पाहिजे आणि त्याच वेळी दुसरा पाय हवेत पाहिजे. पुढच्या पायाची टाच रेषेला चिकटलेली आहे की सुटलेली, आणि मागच्या पायाचा अंगठा मातीतून निघाला की नाही, ही दोन्ही उत्तरं एकाच वेळी लागतात. पोरं बेरकी असतात. पुढचा पाय असा झोकात टाकतात की अख्खं मैदान तिकडंच बघतं, मागचा अंगठा मात्र हळूच मातीत रुतलेला. मी मागच्या अंगठ्याकडं बघतो. पुढचा पाय डोळ्याच्या कडेनं दिसतोच. अनवाणी पायाचा अंगठा जमिनीवरून नुसता ओढला गेला तर ओल्या काळ्या मातीत बोटभर चर पडते आणि चरीच्या टोकाला चिमूटभर माती वर येते. स्वच्छ उचलला गेला तर गोल ठसा राहतो, चर नसते. चर दिसली की बोनस नाही. बस, एवढंच. मग आपल्या हाताचा अंगठा वर करायचा की नाही, एवढाच प्रश्न उरतो.

सगळी गोची त्या उरलेल्यात आहे.

नव्या पंचांच्या शिबिरात सांगतात, एकाग्रता ठेवा, प्रेक्षकांकडं लक्ष देऊ नका. सल्ला वाईट नाही, पण माझा अनुभव वेगळा आहे. प्रेक्षक माझ्या डोळ्यांना कधीच त्रास देत नाहीत. चढाई चालू असते तेव्हा खरं सांगायचं तर मला काही ऐकूच येत नाही; फक्त चढाईवाल्याचा दम ऐकू येतो, कारण तो तुटतोय का हे ऐकणं माझ्या कामाचं आहे. पाचशे माणूस ओरडत असलं तरी त्यातून ते एक 'कबड्डी कबड्डी' वेगळं निघतं. गर्दी आत शिरते ती चर दिसल्यानंतर आणि हात उचलायच्या आधी. निमिषभराची जागा असते ती, पण तेवढ्यात काय काय बसतं! मंडपात पुढच्या खुर्चीवर बसलेले, चषक दिलेले पाहुणे. ज्यांच्या शाळेत पुतणीला प्रवेश हवाय ते मुख्याध्यापक. शेवटची एसटी. सकाळी निघताना बायको म्हणाली होती, "आज तरी कुणाशी वाकडं घेऊ नका." ती पिलाताच्या बायकोसारखीच काळजीनं बोलली होती, हे मला तिथं मैदानावर आठवतं आणि हसू येतं.

त्यात आता गुणाचं वजन वाढलंय. पूर्वी हरलेली पोरं घरी जाऊन भाकरी खायची. आता राज्य पातळीपर्यंत खेळलेल्या पोराला दहावी-बारावीला सवलतीचे गुण मिळतात, सरकारी नोकरीत खेळाडूंना 5 टक्के आरक्षण आहे. पोलीस भरतीची तयारी करणाऱ्या पोराला प्रमाणपत्र म्हणजे काय असतं, हे आमच्याकडच्या माणसाला समजावून सांगावं लागत नाही. कोरडवाहू तीन एकरवाल्या बापाला पोराच्या मागच्या अंगठ्यात नोकरी दिसते. तो रेषेबाहेर उभा राहून ओरडतो तेव्हा त्याला अडाणी म्हणून मोकळं होता येत नाही. मला त्याचा राग येत नाही. अडचण हीच आहे. राग आला असता तर हात पटकन उचलला गेला असता.

आणि फोन. 2014 साली प्रो कबड्डी टीव्हीवर आली तेव्हापासून आमच्या चौदा वर्षांखालच्या पोरांनाही रिव्ह्यू मागायची खूण येते. दोन्ही हातांचा टी करून पोरगा असा काही माझ्याकडं बघतो, जणू वरच्या मजल्यावर तिसरा पंच चहा घेत बसलाय. रेषेच्या बाहेर दहाजण चित्रीकरण करत असतात. एकजण एकदा फोन नाचवत थेट माझ्यापर्यंत आला. "काय बघायलाव सर? व्हिडिओ हाय माझ्याकडं!" मी म्हटलं, "ठेव जपून, रात्री सवडीनं बघू दोघं." लोक हसले, तोही हसला, चढाई पुढं गेली. नेहमी हसण्यावारी जातंच असं नाही.

या खेळात पंच एकटा नसतो, ही गोष्ट माझ्या डोक्यात फार उशिरा शिरली. शिरली तीही कबड्डीमुळं नाही, बास्केटबॉलमुळं. 1891 च्या डिसेंबरात अमेरिकेतल्या स्प्रिंगफील्ड गावी, वाय.एम.सी.ए.च्या प्रशिक्षण शाळेत, जेम्स नेस्मिथ नावाच्या तिशीतल्या शिक्षकानं व्यायामशाळेच्या सज्जाला पीच फळांच्या टोपल्या ठोकल्या आणि बास्केटबॉल सुरू केला. माणूस धर्मशास्त्र शिकलेला. पाळक होण्याऐवजी व्यायामशाळेत आला म्हणून त्याच्या माणसांना वाईट वाटलं असेल तर नवल नाही. त्यानं 13 नियम लिहून भिंतीला लावले. त्यातले दहावा आणि अकरावा नियम अधिकाऱ्यांचे. एकानं माणसं बघायची, दुसऱ्यानं चेंडू बघायचा. माणसं बघणाऱ्यानं आगळीक मोजायची, चेंडू बघणाऱ्यानं चेंडू कुणाचा हे सांगायचं आणि वेळ राखायची. इतकं साधं. धर्मशास्त्र शिकलेल्या माणसाला हे सुचावं याचं मला बरं वाटतं. सगळं एकदम बघणारा एकच आहे आणि तो आपण नाही, हे त्याला आधीपासून माहीत असणार.

चार वर्षांनी, 1895 साली, शेजारच्याच होलिओक गावच्या वाय.एम.सी.ए.मध्ये विल्यम मॉर्गननं व्हॉलीबॉल काढला. 1920 साली हॅरी क्रो बक नावाच्या अमेरिकनानं मद्रासला याच संस्थेचं शारीरिक शिक्षण महाविद्यालय सुरू केलं. देशभरातले कितीतरी खेळशिक्षक त्या परंपरेतून आले. आज मराठवाड्यातल्या कुठल्याही गावात संध्याकाळी दोन बांबूंना जाळं बांधून पोरं व्हॉलीबॉल खेळताना दिसतात. हा खेळ ख्रिस्ती तरुणांच्या संघटनेतून आलाय असं त्यांना सांगितलं तर ती म्हणतील, "सर, फेका कमी." सांगायची गरजही नाही. कबड्डी मात्र अस्सल आपली. 1936 च्या बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाच्या मंडळींनी ती जगाला दाखवली. पण कबड्डीतही मैदानाच्या दोन बाजूंना दोन पंच असतात, आणि त्यांचं पटलं नाही तरच सरपंच मध्ये पडतो. म्हणजे माझी बाजू माझी, समोरच्याची त्याची. त्याच्या बाजूला धरपकड झाली की मान तिकडं वळते, हा सगळ्यांचा दोष. नाट्य तिकडं असतं ना! पण मान वळली की आपली रेषा उघडी पडते, आणि वाईट म्हणजे समोरच्या पंचावर आपला भरवसा नाही हे त्यालाही कळतं. एका सामन्यात माझ्या समोरचा पंच माझ्यापेक्षा वीसएक वर्षांनी लहान होता. त्याच्या बाजूला ढीग पडला, सहा पोरं एकावर एक, आणि मध्यरेषेच्या बाजूनं एक हात बाहेर आलेला. मी माझ्या राखीव क्षेत्राकडं बघत राहिलो. तिथं काहीही घडत नव्हतं. रिकाम्या मातीकडं बघत राहणं किती जड जातं हे त्या दिवशी कळलं.

आता आमच्या मंडळीतल्या पोराची गोष्ट. आमची मंडळी लहान, आसपासच्या गावांतली थोडी कुटुंबं धरून. त्यातला एक पोरगा संडे स्कूलला माझ्यासमोर वचनं पाठ करत मोठा झालेला, तोच एका निर्णायक सामन्यात माझ्या बाजूनं चढाईला आला. आपल्या माणसाचा सामना पंचानं शक्यतो घेऊ नये, पण तालुक्यात पंच असतात किती? त्यानं सुंदर बोनस टाकला. मागं चर होती. मी अंगठा वर केला नाही. त्यानं एकदाच माझ्याकडं पाहिलं, आणि ते बघणं संडे स्कूलमधलंच होतं, उत्तर चुकल्यावर दुसरी संधी मागणारं.

या प्रसंगानं माझ्या डोक्यात दोन गोष्टी नीट झाल्या. एक म्हणजे, आमच्या धर्मात क्षमेला मोठं स्थान आहे, आणि लोक मला थट्टेनं म्हणतात, "सर, तुमच्यात माफ करतात म्हणे, एक गुण माफ करा की." पण क्षमा ज्याचं नुकसान झालं त्यानं करायची असते. मी सोडून दिलेला बोनस समोरच्या संघाच्या खिशातून जातो. दुसऱ्याचे पैसे दानपेटीत टाकून उदार म्हणवून घेण्यासारखं आहे ते. दुसरी गोष्ट अधिक नाजूक. त्या पोरानं पुढच्याच चढाईला पुन्हा बोनस टाकला, या वेळी स्वच्छ, गोल ठसा. तेव्हा माझ्या हाताला जे वजन जाणवलं ते आधीच्या नकारापेक्षा जास्त होतं. आत्ता दिला तर लोक म्हणतील, बघा, शेवटी आपल्याच पोराला दिला. आपल्या माणसावर जादा कडक होणं हीसुद्धा लाचच आहे. फक्त ती आपण आपल्याच अब्रूकडून घेतलेली असते. अंगठा वर गेला. मागून कुणीतरी व्हायचं ते बोललंच. पहिल्या बोनसबद्दल पोराच्या आईनं पुढच्या रविवारी मला "जय ख्रिस्त" म्हटलं ते भिंतीकडं बघून. दुसऱ्या बोनसचा विषय तिनं काढला नाही, मीही नाही.

बघणं आणि सांगणं यांच्या मधली ही जागा मोठ्या सामन्यांत तर मैदानाएवढी रुंद होऊ शकते. 7 ऑक्टोबर 2023, हँगझू, आशियाई खेळांतली पुरुषांची अंतिम लढत, भारत विरुद्ध इराण. 28-28 अशी बरोबरी आणि खेळ संपायला जेमतेम मिनिट. पवन सेहरावतची करो या मरो चढाई. तो कुणाला न शिवता राखीव क्षेत्रात गेला आणि त्याला धरायला इराणचे बचावपटूही मागोमाग आत गेले. स्पर्श न होता आत गेलेला चढाईपटू बाद, इथपर्यंत सगळ्यांचं एकमत. मागोमाग गेलेल्यांचं काय, यावर जुना नियम आणि नवा नियम भांडायला उभे राहिले. निर्णय दिला, फिरवला, पुन्हा फिरवला. एकदा इराणचे खेळाडू मॅटवर बसून, एकदा भारताचे. टेबलाभोवती प्रशिक्षक, पदाधिकारी, कुणाकुणाचे हातवारे. जवळपास तासभर सामना बंद. शेवटी भारत 33-29 असा जिंकला आणि आपण सगळ्यांनी फटाके वाजवले. मीही आनंदलो, खोटं कशाला बोलू. पण त्या तासभरात मी खेळाडूंकडं बघतच नव्हतो, पंचांच्या चेहऱ्यांकडं बघत होतो. काय घडलं हे त्यांनी पाहिलेलं होतं. कोण कधी कुठं पाऊल टाकून आत गेला यावर वादच नव्हता. कुठलं पुस्तक लावायचं हे सामन्याच्या आधी पक्कं नसलं की मग ते जो जास्त ओरडतो तो ठरवायला बघतो.

कुस्तीची तर बातच सोडा. 2023 च्या जानेवारीत पुण्याला महाराष्ट्र केसरीत सिकंदर शेख आणि महेंद्र गायकवाड यांची कुस्ती झाली, गुणांवरून रान पेटलं आणि एका पंचाला फोनवरून धमकी आली. 2025 च्या फेब्रुवारीत अहिल्यानगरला शिवराज राक्षेनं निकालावरून पंचाला लाथ मारली. त्याच्यावर तीन वर्षांची बंदी आली. माळेगावच्या खंडोबाच्या यात्रेतला फड लहानपणी पाहिलेला माणूस मी. पंचाला पैलवान पाया पडून कुस्तीला लागायचे. ते दिवस फार थोर होते असं मी म्हणणार नाही. तेव्हाही पंच कुणाचा पाहुणा आहे हे बघूनच लोक कुस्ती बघायचे.

सामन्याआधी मी प्रार्थना करतो. मोटारसायकल लावून, हेल्मेट काढायच्या आधी, म्हणजे कुणाला दिसत नाही. सामना चालू असताना करत नाही. जी गोष्ट डोळे मिटून करायची सवय लागलेली आहे ती तिथं न केलेलीच बरी. मागतो तेही थोडकंच. चूक होऊ नये असं मागून उपयोग नसतो, माणूस आहे, पाऊस आहे, रेषा पुसलेल्या आहेत. जे दिसेल ते दिसल्या दिसल्या सांगता यावं, एवढं मागतो. ख्रिस्ती म्हणून मैदानावर माझं वेगळं काही नाही. कधीतरी कोपऱ्यातून आवाज येतो, "अरे ह्यांना एका गालावर मारलं की दुसरा पुढं करावा लागतंय, दाबा अजून!" विनोद चांगला आहे, मीही हसतो. गाल माझा आहे, तो मी खुशाल देईन. रेषा माझी नाही.

रविवारचा प्रश्न मात्र हसण्यावारी नेता येत नाही. मैदान रिकामं, शाळेला सुट्टी, शिक्षक मोकळे, म्हणून सामने हटकून रविवारी पडतात. आमच्या मंडळीतल्या वडीलधाऱ्यांना हे खपत नाही आणि ते लगेच एरिक लिडेलचं नाव काढतात. 1924 च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये 100 मीटरच्या पहिल्या फेऱ्या रविवारी होत्या म्हणून हा स्कॉटिश धावपटू त्या शर्यतीत धावला नाही, आणि 11 जुलैला 400 मीटर 47.6 सेकंदांत धावून सुवर्णपदक घेऊन आला. वडीलधारे ही गोष्ट पदकापाशी थांबवतात. मी त्यांना पुढची सांगतो. लिडेल मिशनरी होऊन चीनला गेला, युद्धात जपान्यांनी त्याला वेहसिएनच्या छावणीत डांबलं. छावणीत पोरांचे खेळ तोच घ्यायचा, रविवार सोडून. एका रविवारी पोरांनी आपापलीच हॉकी खेळायला घेतली, पंच नाही, आणि खेळाची मारामारी झाली. पुढच्या रविवारी लिडेल स्वतः मैदानात आला आणि पंच म्हणून उभा राहिला. ऑलिंपिकच्या पदकासाठी रविवार न मोडणारा माणूस, काटेरी तारांच्या आतल्या पोरांच्या हॉकीसाठी मोडतो. 1945 च्या फेब्रुवारीत तो त्याच छावणीत वारला.

पॅरिसचा नकारही त्यानं ऐन वेळी दिलेला नव्हता, वेळापत्रक कळल्यावर कितीतरी महिने आधीच दिला होता. म्हणून तर त्याला 400 मीटरची तयारी करायला वेळ मिळाला. हा भाग मला पदकापेक्षा उपयोगी पडला. आता हंगामाच्या सुरुवातीलाच मी संयोजकांना सांगून ठेवतो की रविवारी उपासना उरकून येईन, पहिले सामने दुसऱ्याला द्या. कुणी कुरकुरतं, बहुतेक मान्य करतात. एका वडीलधाऱ्यानं हे ऐकून मान हलवली, होकाराची की नकाराची ते मी विचारलं नाही.

यंदा आमच्या भागातली एक मुलगी पंच परीक्षेला बसतेय. स्वतः जिल्हा पातळीवर खेळलेली, आता गुणलेखक म्हणून टेबलावर बसते. पोरींच्या सामन्याला तिनं शिट्टी घेतली की बाहेरून जे ऐकावं लागतं ते मला कधी ऐकावं लागलं नाही. तिच्या पोशाखापासून लग्नापर्यंत सगळं येतं. एकदा मी विचारलं, "त्रास होत नाही का गं?" ती म्हणाली, "होतो की सर. पण घरी गेल्यावर." मला शिबिरात जे कुणी शिकवलं नाही ते तिला आधीच येतंय. तिला माझ्याकडून हवं होतं ते वेगळंच. पाऊस लागला, सामने थांबले, सगळे मंडपात दाटीवाटीनं उभे राहिले तेव्हा तिनं पिशवीतून नियमांचं पुस्तक काढलं. "सर, हँगझूला खरं कुणाचं होतं? मागोमाग गेलेले बाद धरायचे का नाही?" मी म्हटलं, चढाईपटू बाद झाला तिथंच खेळ थांबला, पुढचं काय मोजायचं? ती म्हणाली, थांबला हे बचावपटूला कुणी सांगितलं? शिट्टी वाजली होती का? मग तो आपल्या पायांनी आत गेलाय. मी म्हटलं, तू पान नीट वाच. ती म्हणाली, तुम्ही कोणत्या सालचं पुस्तक वाचताय ते आधी सांगा. आसपासची चार पोरं गोळा झाली. तिनं डब्यात उरलेली फक्की घेतली, मंडपातल्या कोरड्या जमिनीवर राखीव क्षेत्राची रेघ ओढली, एका पोराला चढाईला लावलं आणि मला म्हणाली, "तुम्ही बचावपटू. जा त्याच्या मागं." मी गेलो, आणि "हे बघ, मी आत आलो तरी," एवढं म्हणेपर्यंत तिची शिट्टी वाजलेली होती.